भीतीचा आकडा

सातवीतून शाळा सोडून मी इस्लापूरहून लातूरला गोदामावर राखणीला आलो. अठ्ठाविसाव्या वर्षीच बीपी वाढलं, म्हणून डॉक्टरांनी एका अभ्यासात पाठवलं. तरुणांच्या बीपीचं मूळ किडनीत आहे का आणखी कुठं, ते तिथं शोधत. मनाच्या उदासीचंही विचारत.

बीपी मोजणाऱ्या बाई औशाहून बसनं यायच्या. आधी पाच मिनिटं गप्प बसवलं, मग तीनदा मोजलं आणि पहिला आकडा खोडला.

"तो का खोडला, ताई?"

"तो भीतीचा असतो, दादा. धरायचा न्हाई."

मग त्यांनी फॉर्म काढला. "कशातच मन लागत न्हाई, असं होतंय का?"

"न्हाई, झकास हाय." येडा समजून कामावरून काढतील, ही धास्ती होती.

त्यांनी काहीच लिहिलं नाही. पट्टा सावकाश गुंडाळला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"आत्ताच सांगितलं की."

"हाव. त्यो पहिला आकडा होता."

मग मी सांगितलं, दोन महिने झाले, घरचा फोनसुद्धा उचलू वाटत न्हाई.

बीपी आणि उदासी, दोन्हींवर औषध चालू झालं. बाईंचं नाव विचारायचं राहिलं. आता आई फोनवर "बरा हायस का?" म्हणते, तेव्हा मी जरा थांबून उत्तर देतो.