शिक्र्याने नेलेला नवस
परवा मनोरच्या बाजारात गुलाबी रंगवलेली कोंबडीची पिल्लं पाहिली आणि साठच्या दशकातलं बोईसर आठवलं. तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम चालू होतं, मी तिथे हजेरी लिहीत असे आणि घरी बायको विषमज्वराने अंथरुणाला खिळलेली. कामावरून यायचं, चूल पेटवायची, तिला पेज भरवायची. इतका थकलो होतो की आज वार कोणता तेही आठवत नसे. शेजारच्या मासळी विकणाऱ्या बाईने ‘वैनी उठून बसली की गावदेवीला कोंबडा देईन’ असा नवस बोलला होता आणि त्यासाठी राखलेलं पिल्लू ओळखू यावं म्हणून कुंकवाने रंगवलं होतं. समोरच्या चिंचेवर शिक्र्याची जोडी होती. एका सुट्टीच्या दुपारी त्यातला एक झेपावला आणि एवढ्या पिल्लांतून नेमकं ते लाल पिल्लूच घेऊन गेला. शेजारीण ओरडत धावली, “मेल्या, देवीचा हाय तो!” तेवढ्यात आतून आवाज आला, “अहो, नेलं, नेलं!” बायको खिडकीचा गज धरून उठून बसली होती. शेजारीण मागे वळून खिडकीशी आली. मी म्हटलं, “चला, नवस फिटला.” “फिटला कसा, भाऊ? कोंबडा देवीला बोलली हाय, शिक्र्याला नाय. आता तर द्यायलाच लागल.” दुसरं पिल्लू तिने रंगवलं नाही, मोठं होईपर्यंत टोपलीखाली झाकलं आणि देवीला दिलं. बायको औषधाने बरी झाली की आणखी कशाने, हा हिशेब मी कधी मांडला नाही. पण परवा ती गुलाबी पिल्लं दिसताच मी आधी आभाळाकडे पाहिलं.