नव्याण्णव सोडून जाणारा

"यात एक धडा आहे, भाऊ," असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि माझ्या कपाळावर आठी पडायची.

आळेफाट्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात ते दर रविवारी ख्रिस्ती उपासना घ्यायचे. चार वर्षं दारोदार फिरून जमवलेली एकोणीस माणसं, एक ढोलकी आणि हे, एवढीच त्यांची मंडळी. उरलेले सहा दिवस ते माझ्या बाकड्यावर बसून धडे शोधायचे. लोक त्यांना ब्रदर म्हणत. मी तोंडावर ब्रदर म्हणायचो आणि पाठीमागे 'धडेवाले'. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेलच, ज्याला साधा चहासुद्धा नुसता पिता येत नाही.

मी ट्यूब पाण्याच्या टबात बुडवली, बुडबुडे आले, की यांचं बोट वर. "पापाचंही असंच असतं. बाहेरून दिसत नाही." अहो, पण जरा टायर धरा म्हटलं तर हे दोन बोटांनी धरणार, मेलेला उंदीर धरावा तसा. पान्हा कोणता आणि टामी कोणती, हे त्यांना चार वर्षांत कळलं नाही. रिमोल्ड टायर पाहून तर त्यांचे डोळे भरून आले. "जुनं खरवडून टाकलं, नवं चढवलं. हा नवा जन्म, भाऊ!"

"ब्रदर," मी म्हटलं, "हा नवा जन्म एप्रिलात माळशेज घाटात फुटतो."

त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं. टोमणासुद्धा लिहून घेणाऱ्या माणसाचं काय करायचं, सांगा.

एसटी उशिरा आली, धडा. साठवणीच्या चाळीतला कांदा सडला, धडा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला असल्या माणसांची चीड आहे. हाताला कधी काळं लागलेलं नसतं आणि काळं पुसायचं कसं, ते आम्हाला शिकवतात.

कांदा काढून झाला की आमच्या वावरात दरवर्षी पारनेरकडचे मेंढपाळ मेंढ्या बसवतात. आम्हाला खत मिळतं, त्यांना चारा. त्यांच्यातली म्हातारी धोंडाबाई सगळ्या बिऱ्हाडाची कारभारीण. गेल्या वर्षी मेंढरं आल्याचं कळताच ब्रदर धावत वावरात आले. जन्मभर मेंढरांवर बोलले, पण मेंढराला हात लावायची ही पहिलीच वेळ. हात लावून वास घेतला, आणि लगेच गोष्ट सुरू केली. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती. एक हरवलं. त्यानं नव्याण्णव रानात सोडली आणि त्या एकाला शोधायला गेला.

धोंडाबाईनं चुलीवरून तोंड फिरवलं. "नव्याण्णव कुनाच्या हवाली केली?"

"कुणाच्या नाही. रानात सोडली."

"मंग वाघानं किती नेली?"

बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात, आणि आमच्या उसाला त्याचं नवल नाही. ब्रदरांचं बोट अर्ध्यावरच थांबलं.

"तसं काही... लिहिलेलं नाही."

"लिवनाऱ्यानं मेंढरं राखली नसत्याल. एकामागं जायाचंच, बाबा. न्हाई कोन म्हनतं? पर बाकीची कुनाच्या तरी हाती देऊन जायाचं. आन् देताना मानूस बघून द्यायाचं."

मी हसून हसून बेजार. ब्रदरांनी मात्र डायरी काढली. पुढच्या रविवारी त्यांनी ही गोष्ट धोंडाबाईच्या दुरुस्तीसकट सांगितली. मधे नुसता पत्रा, मला सगळं ऐकू यायचं. मंडळीतल्या एका निवृत्त मास्तरांनी त्यांना मधेच तोडलं. "शास्त्रात नाही ते सांगू नका." मला वाटलं, बरी जिरली.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. बैलांची पारख करण्यात हयात गेली, आणि म्हातारपणी डोकं गेलं. त्यांना रोज बेल्ह्याचा बैलबाजारच वाटायचा. एका रविवारी सकाळी ते कासरा घेऊन निघाले आणि दिसेनासे झाले. चोहीकडे ऊस, मधून भरलेला पाट. मी दुकानात धावत आलो, कामगारांना हाका मारल्या. शेजारी प्रभुभोजन चाललं होतं. भाकर हातात, प्याला समोर. वर्षातून मोजक्या वेळा येणारा तो विधी अर्ध्यावर टाकून ब्रदर दारात आले.

"आबा?"

"सापडंनात."

ते आत वळले. भाकर मास्तरांच्या हातात दिली. "एवढं तुमच्या हवाली," म्हणाले आणि पांढऱ्या कपड्यांनिशी उसात शिरले.

आम्ही मोटारसायकलींवर बेल्ह्यापर्यंत जाऊन आलो. आबा नाहीत. चार वाजता घरी परतलो तर बांधावरून आबा येताना दिसले. ऐटीत. हातात कासरा, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मनगट बांधलेले ब्रदर. तोंड उसाच्या पात्यांनी चिरलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"बाजारातनं आनलाय," आबा म्हणाले. "दात बघ. जनावर लई गरीब हाय."

आबा पाटाच्या कडेला बसले होते म्हणे, आणि बैल घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणत होते. मग ब्रदरांनी हात पुढे केला.

मला रडू येत होतं म्हणून मी चेष्टा केली. "काय ब्रदर, यात काय धडा?"

"आधी पाणी द्या, भाऊ," ते म्हणाले. बोट वर गेलं नाही.

तोवर मास्तरांनी विधी पुरा केला होता, आणि लोकांना सांगितलंही होतं की प्रभूचं मेज सोडून जाणारा पाळक नव्हे. पुढच्या रविवारी मंडळी मास्तरांच्या ओसरीवर भरली. गाळ्यात ब्रदर आणि ढोलकी.

ते माझ्याकडे आले. "भाऊ, तुम्ही एकदा जाऊन त्यांना सांगाल? पाट भरलेला होता, वेळ नव्हता, एवढंच."

"बघू," मी म्हटलं.

मास्तरांचं घर माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. काम होतं म्हणून नव्हे. धडेवाल्याला एकदा धडा मिळतोय, याची मला आतून मजा वाटत होती. चार वर्षं मी त्यांना हिणवलं, पण त्या दोन महिन्यांत माझ्याइतका हलका माणूस फाट्यावर दुसरा नव्हता. दर रविवारी ते दार उघडायचे, सतरंजी अंथरायचे, अकरा वाजता गुंडाळून ठेवायचे. मग एका दुपारी नगरच्या गाडीत बसले. ढोलकी मास्तरांसाठी माझ्याकडे ठेवून गेले.

यंदा धोंडाबाई आली. मेंढरं वावरात बसली, तिनं चूल मांडली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"ते एकामागं जानारं बाबा दिसंनात?"

"गेले."

"कुठं?"

"ठाऊक न्हाई."

तिनं भाकरी उलटली. "मंग हुडकाया कोन गेलं?"

मेंढरांच्या पाण्यासाठी मोटर चालू करतो, असं सांगून मी विहिरीकडे निघालो. मोटर चालूच होती.