आरोपीच्या घरची घोंगडी

वकिलीची सनद हातात येऊन मला वर्षही झालं नव्हतं. चौकसपणा मात्र जन्माचा. सोलापूरच्या कोर्टात ज्या वकीलसाहेबांच्या हाताखाली मी होतो, ते म्हणत, "तुम्हाला खटल्यापेक्षा खटल्यातली माणसंच जास्त आवडतात." खोटं नव्हतं ते. साक्षीदार वाटेत काय खाऊन आला, हेसुद्धा विचारल्याशिवाय मला राहवत नसे.

त्या वर्षी करमाळ्याकडच्या एका धनगराचा खटला आमच्याकडे आला. मेंढरांना पाणी पाजण्यावरून दुसऱ्या मेंढपाळाशी बोलाचाली झाली, ती हातघाईवर आली आणि याच्या काठीच्या एका तडाख्यात तो माणूस गेला. पोलिसांनी खुनाचा आरोप ठेवला. आमचं म्हणणं, हे ठरवून केलेलं नाही, भांडणाच्या भरात घडलं. एकीकडे फाशी नाहीतर काळं पाणी, दुसरीकडे काही वर्षांची सजा, एवढा तो फरक होता.

मी एकदा वकीलसाहेबांना विचारलंच, "पहिला हात कोणी उगारला असेल हो?"

"ते ठरवायला वर एक माणूस बसलाय," ते म्हणाले. "तुम्हीही जज्ज झालात तर त्याच्या बाजूनं बोलायचं कोणी?"

सुनावणीच्या दिवशी आरोपीची आई केम स्टेशनावरून रेल्वेनं आली. ती आमची साक्षीदार, म्हणून पुकारा होईपर्यंत तिला बाहेरच लिंबाखाली बसावं लागणार होतं. मला जवळ बोलावून तिनं गाठोड्यातून एक कोरी काळी घोंगडी काढली.

"ही साहेबाला बसाया टाक."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मग मी तिथंच उकिडवा बसलो आणि विचारत सुटलो.

"आमच्यात पंच बसत्यात तवा घोंगडी आरोपीच्या घरची लागती," ती म्हणाली. "तिच्यावर बसला की पंच त्या घरचा पावना झाला. पावन्याला त्या घराशी खोटं वागाया येत न्हाई."

"आणि फिर्यादीच्या घरचं?"

"त्येच्या घरचं पानी प्यायचं. दोनी घरं सारखी झाली की. आन् घोंगडीवर बसून पंच बोलला की मागनं कुरकुर न्हाई. सजा झाली तरी न्हाई."

मला ते फार आवडलं. पण आमचे सेशन्स जज्जसाहेब गावातल्या लग्नाच्या पंगतीलाही जात नसत, न जाणो शेजारी कुठल्या खटल्यातला माणूस बसायचा! त्यांच्यापुढे आरोपीच्या घरची घोंगडी नेली असती, तर लाच म्हणून आमचीच उचलबांगडी झाली असती. हे तिला तिथंच सांगायला हवं होतं. तेवढ्यात आतून हाक आली. "देतो," म्हणालो आणि घोंगडी वकिलांच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिली.

दुपारी साक्षीला आत जाताना ती दाराशीच थांबली. "बसला का साहेब?" तिनं हळूच विचारलं.

"बसले," मी म्हणालो.

तिचा चेहरा निवळला. साक्ष तिनं धीटपणे दिली. मी स्वतःवर खूश होतो.

निकाल लागला, काळं पाणी. वकीलसाहेब लगेच म्हणाले, मुंबईला अपील करू, एक मुद्दा जज्जसाहेबांच्या नजरेतून निसटलाय. पण म्हातारी हात जोडून म्हणे, "नगं." तुरुंगातला मुलगा म्हणे, आई सांगेल तसं. त्याच्या अंगठ्याशिवाय वकीलपत्र होईना आणि मुदत तर संपत चाललेली. अखेर मी तिला खोदून विचारलं.

"साहेब माज्या घोंगडीवर बसून बोलला न्हवं?" ती म्हणाली. "आता कुरकुर कशी करू?"

मी तसाच माघारी फिरलो. वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "कोर्टाशी खोटं बोलायचं नाही हे तुम्हाला कळतं," ते म्हणाले. "आपल्या माणसाशी बोललं तर चालतं, हे कुठं शिकलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी काखोटीला मारून मी तुरुंगाच्या फाटकाशी गेलो. ती तिथंच बसलेली असे. सगळं सांगितलं. तिनं घोंगडीच्या न मोडलेल्या घडीवरून हात फिरवला.

"म्हमईचा साहेब बसंल का हिच्यावर?"

"नाही मावशी. तिथंही कोणी बसणार नाही."

तिनं घोंगडी तिथंच मातीत अंथरली. "मंग तू बस."

मी मागे सरकलो. "बस की!" ती म्हणाली. बसलो. नवी लोकर धोतरातून टोचत होती. ती समोर मातीत बसली.

"आता सांग. माज्या लेकानं जानूनबुजून मारलं का?"

जे मला पहिल्या दिवसापासून जाणून घ्यायचं होतं, तेच ती मला विचारत होती. नाही म्हणालो असतो तर तिला किती बरं वाटलं असतं!

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"अपील करावं का?"

"करावं. काळं पाणी ही जास्त सजा आहे."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "व्हय," म्हणाली आणि उठली. त्याच दिवशी अंगठा मिळाला.

अपिलात खुनाचा आरोप टिकला नाही. सजा सात वर्षांवर आली. मी केमला निरोप धाडला, तशी ती आली. ऐकून ढसाढसा रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "म्हमईचा साहेब कशावर बसला हुता रं?"

खुर्चीवर, असं म्हणणारच होतो. पण मुंबईला मी गेलोच नव्हतो.

"मी पाहिलं नाही, मावशी."

तिनं मान हलवली आणि गाठोडं उचललं.