आली म्हणजे चढ, येतो म्हणजे जातो

सोनेगावच्या विमानतळावर बाबांनी माझ्या खिशात एक चिठ्ठी कोंबली. तिच्यावर माझं नाव, नागपूरचा पत्ता आणि खाली इंग्रजीत एक ओळ, 'सापडल्यास कृपया कळवावे'. मी तेहेतीस वर्षांचा होतो, एका मुलाचा बाप होतो आणि लंडनच्या एका कंपनीने मला कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. पण बाबांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. इतवारीत दोनदा आणि रामटेकला एकदा हरवलेला मुलगा एकदम साता समुद्रापलीकडे पाठवायचा म्हणजे त्यांना धास्ती वाटणारच. "तोंड आहे ना तुला?" ते म्हणाले. "मग रस्ता विचारायचा. लाजायचं नाही." आई विमानतळावर आली नव्हती. तिने घराच्या फाटकातूनच निरोप दिला.

मी अर्थातच लाजलो. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातून परत येताना ट्यूबमध्ये झोप लागली आणि जाग आली तेव्हा डबा रिकामा होता. स्टॅनमोर. शेवटचं स्टेशन. कुणाला काही न विचारता बाहेर आलो, झाडं बघितली, आणि पुढे घर घ्यायची वेळ आली तेव्हा इथेच घेतलं. नागपूरकरांनो, तुम्हाला मी शाळा चांगल्या आहेत असं कळवलं होतं. शाळा चांगल्या आहेतच. पण खरं कारण हे की झोपलेल्या माणसाचंही इथे स्टेशन चुकत नाही.

असा मी, रिटायर झाल्यावर, कबाइल भाषेत रस्ता विचारायला शिकलो. कशासाठी, ते सांगतो.

आमच्या मिहीरची बायको तिझिरी अल्जीरियातल्या डोंगराळ भागातली. तिथल्या लोकांची ही भाषा. अरबी नव्हे, फ्रेंच तर नव्हेच. अरबी आहे असं कुणी म्हटलं की तिझिरीचा चेहरा मराठी माणसाला 'म्हणजे हिंदीच ना?' विचारल्यावर होतो तसा होतो. तेव्हाच मला ती आपल्यातली वाटली. मागच्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली, सिझेरियन होऊन, आणि तिची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर त्यांच्याकडे, आमच्यापासून जवळच पिनरला आली. ना घनीमा. 'ना' म्हणजे आपली ताई किंवा आक्का समजा. पुरुषाला 'दा' म्हणतात. त्यामुळे मी झालो दा सुहास. घरात शेंडेफळ असल्यामुळे आयुष्यात मला कुणी दादा म्हटलं नव्हतं. त्या एका अक्षरावर मी इतका खूश झालो की पुढची सगळी जबाबदारी न विचारता अंगावर घेतली.

कारण तिसऱ्याच आठवड्यात ना घनीमाने लेकीला सांगितलं होतं की माझं परतीचं तिकीट काढ. ही बाई जन्मभर डोंगर चढली-उतरली, जैतुनाची झाडं झोडपली, पाणी डोक्यावरून आणलं, आणि इथे दिवसभर डबल ग्लेझिंगच्या खिडकीशी उभी. मिहीर ऑफिसात, तिझिरीला गाडी चालवायची बंदी, बाळ झोपलेलं. "इथे रस्ते खूप आहेत, पण मला जायला कुठे नाही," असं ती म्हणाली म्हणे. तिझिरी फोनवर रडली. टाके ओले, दूध नीट येत नाही, आणि आई निघाली.

"हे माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

अनघाने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. ती माझी बायको, अजून हॉस्पिटलात नोकरी करते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि या तीन शब्दांनंतर काय होतं ते तिला पाठ आहे. "अहो, तुम्हाला शेजारच्या वेल्डस्टोनचा रस्ता विचारता येत नाही इंग्लिशमध्ये."

पण योजना चांगली होती. रोज सकाळी मी पिनरला जायचं, ना घनीमाला बसने कुठेतरी हिंडवून आणायचं आणि जेवायच्या वेळेला घरी सोडायचं. बाळाच्या झोपेच्या वेळात तिझिरी मला फोनवर शब्द सांगायची आणि मी ते देवनागरीत लिहून घ्यायचो. रस्ता म्हणजे अव्रिद. बस म्हणजे लकार. गाडी, थाकर्रुस्त. जहाज, लबाबुर. विमानाला तिने एक शब्द सांगितला, तो ना घनीमाला म्हणून दाखवला तर तिला कळलाच नाही. तो तरुणांनी नवा घडवलेला शब्द निघाला. म्हणजे आपल्याकडे कुणी 'अग्निरथ' म्हणून तिकीट मागावं तसं. उतर म्हणजे एर्स. आणि चढ म्हणजे आली.

हो, आली.

पिनरच्या स्टॉपवर पहिल्याच दिवशी आम्ही एच-बारा नंबरच्या बसची वाट बघत उभे होतो. लांबून ती लाल बस दिसली आणि माझ्या तोंडून आपसूक मराठी निघालं, "आली! आली!" ना घनीमाने माझ्याकडे पाहिलं. व्याही ओरडून 'चढ! चढ!' म्हणतोय. समोर तेवढ्यात दुसरीच एक बस येऊन थांबली होती. बाईने पदर खोचावा तसा झगा सावरला आणि ती आत चढली. मी धावलो, दारात कार्ड टेकवलं, तिचंही टेकवलं, आणि आम्ही एच-तेराने निघालो उलट्या दिशेला. "एर्स, एर्स," मी म्हणत राहिलो. आत्ताच तर चढ म्हणाला, आता उतर म्हणतोय, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली आणि खिडकीची जागा तिने सोडली नाही. शेवटी रायस्लिपच्या तळ्याशी उतरलो. पाणी बघून तिचा चेहरा सैल झाला. घरी जाऊन तिने लेकीला माझी नक्कल करून दाखवली, आणि तिकिटाचं बोलणं आठवडाभर बंद झालं.

आता तुम्हाला वाटेल, गडी जिंकला. मलाही वाटलं. म्हणूनच मी पुढचं धाडस केलं.

रोज तिला दारात सोडताना मला अवघडल्यासारखं व्हायचं. आपल्याला निरोप घेतल्याशिवाय निघता येत नाही. मी तिझिरीला मेसेज केला, 'मी येतो' याला काय म्हणतात? तिने उत्तर पाठवलं, आद्दासघ. मी पाठ केलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता ना घनीमाला दारात सोडलं, मान जरा झुकवली आणि खड्या आवाजात म्हणालो, "आद्दासघ." तिने मान डोलावली. मी घरी आलो, वरणभात खाल्ला आणि झोपलो.

त्या दुपारी तिझिरी आणि मिहीर बाळाला घेऊन तपासणीला गेले होते. पाच वाजता परत आले तर ना घनीमा हॉलमध्ये उभी. अंगात कोट, पायात बूट, हातात पर्स. बाराला होती तशी. जेवलीही नव्हती.

तिझिरीचा फोन आला. "बाबा, तुम्ही तिला काय सांगितलं?"

"काही नाही. निघतो म्हणालो."

"तुम्ही म्हणालात, मी इथे परत येतोय. त्या शब्दात एक 'द' आहे ना, तो बोट दाखवल्यासारखा असतो. इकडे. तुझ्याकडे." मागून ना घनीमाचा आवाज येत होता, चढा नाही, सपाट. तिझिरीने थांबून सांगितलं, "ती म्हणतेय, आमच्याकडे माणूस येतो म्हणाला तर येतो. आणि म्हणतेय, तिकीट काढ. आज."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. अनघा सोबत आली, कारण मला एकट्याला माफीही नीट मागता येणार नाही असा तिचा अंदाज होता. तिझिरी मध्ये बसून भाषांतर करत होती. मी सांगितलं की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, ते अशुभ. जातो म्हणजे कायमचा जातो. म्हणून दाराबाहेर पडणारा प्रत्येक माणूस 'येतो' म्हणतो. दूधवाला म्हणतो, जावई म्हणतो, ज्याला परत कधीही यायचं नाही तोही म्हणतो.

ना घनीमाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्यात जाणारा म्हणतो, शांतीत राहा. माझा नवरा तेवढंच म्हणून लबाबुरवर चढायचा. बावीस वर्षं फ्रान्समध्ये होता, वर्षातून एक महिना घरी. येतो असं कधी म्हणाला नाही. म्हणून मी कधी कोट घालून उभी राहिले नाही." आणि मग तिने मला सरळ विचारलं, "तू देश सोडलास तेव्हा आईला काय म्हणालास?"

मी अनघाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"येतो म्हणालो."

"मग कधी गेलास?"

"चार वर्षांनी." आधी व्हिसा, मग घर, मग मिहीरची शाळा. सगळ्यांचं असतं तेच.

ना घनीमाने एका हाताची पाच बोटं उघडली. ती स्वतः, पाच तास. मग अंगठा मिटला. माझी आई, चार वर्षं. आणि हात मांडीवर ठेवून दिला.

माझी ताई, जी अजून नागपूरलाच आहे, तिने एकदा गंमत म्हणून सांगितलं होतं की मी गेल्यावर आई चार वर्षं अमरावतीला मावशीकडे मुक्कामाला गेली नाही. 'सुहास येतो म्हणालाय, दाराला कुलूप दिसायला नको.' तेव्हा मी खूप हसलो होतो. फोनवर हसणं महाग पडायचं त्या काळात, तरी हसलो होतो. पिनरच्या त्या सोफ्यावर मी ते ना घनीमाला सांगितलं, या वेळी न हसता.

ना घनीमा उठली आणि माझ्यासाठी कॉफी ओतली. "मी राहते," ती लेकीला म्हणाली. "पण मला बस शिकवायला सांग. मी माझी जाईन. मला आता कुणाची वाट बघायची नाही."

मग खरं शिक्षण सुरू झालं. मी तिला बसचा नंबर शिकवला, कार्ड शिकवलं, बेलचं लाल बटण शिकवलं. तिने मला तो 'द' शिकवला. चढ आणि वर माझ्याकडे ये, उतर आणि खाली माझ्याकडे ये, यांतला फरक तिने जिन्यात उभं राहून मला करून दाखवला. मी सहासष्ट पायऱ्या तरी चढ-उतार केल्या असतील. अनघा म्हणाली, डॉक्टर वर्षभर सांगतायत ते हिने फुकट करून घेतलं.

सप्टेंबरमध्ये एका गुरुवारी सकाळी तिझिरीचा मेसेज आला, 'आई निघाली. एकटी.' पिनरहून आमच्याकडे एच-बारा अर्ध्या-पाऊण तासात येते. मी खिडकीत उभा राहिलो. तास झाला. मी बूट घातले. सव्वा तास झाला. कोट घातला, काढला, परत घातला. स्टॉपवर जावं तर ती तेवढ्यात दाराशी यायची. अनघाला हॉस्पिटलात फोन केला तर ती म्हणाली, "अहो, बसा. तिला रस्ता सापडतो. तुम्हालाच सापडत नाही."

बेल वाजली. ना घनीमा. हातात रुमालात बांधलेली तीन अंजिरं. वाटेत कुणाच्या कुंपणावर झाड दिसलं म्हणून ती मध्येच उतरली होती, त्या घराची बेल वाजवून तिने खुणेने मागितली होती आणि पुढच्या बसने आली होती. माझ्या कोटाकडे तिने पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि काय झालं असेल ते ओळखून दारातच हसत सुटली.

"उसिघद," ती म्हणाली. आले.

येईन नाही, येते नाही. आले. मला तो शब्द इतका भरघोस वाटला की मी बाजूला व्हायचंच विसरलो, आणि ती मला ढकलून आत गेली.

ना घनीमा पूर्ण सहा महिने राहिली. ती गेल्यावर मी घर म्हणजे काय याचा विचार करायला लागलो. मला वाटायचं, घर म्हणजे जिथून आपण निघालो ते. मग वाटलं, जिथे झोप लागली तरी पोचतो ते. आता वाटतं, 'आलो' एवढंच म्हटलं आणि कोण, कुठून, कशाला, असं कुणी विचारलं नाही, ते घर. असं दार मला स्टॅनमोरला आहे, पिनरला आहे. आणि नागपूरला एक अजून आहे, ताईचं. आईबाबा गेल्यापासून तिथे मी वर्षानुवर्षं फोनवर येतो-येतो म्हणतोय.

मागच्या रविवारी ताईने नेहमीसारखं विचारलं, "कधी येतो रे?"

"एकोणीस जानेवारीला," मी म्हणालो. "दुपारी अडीचला उतरतो. तिकीट काढलंय."

पलीकडून घाबरा आवाज, "काय झालं? बरं नाही वाटून राहिलं का तुला? अनघाला दे फोन."

"बरा आहे गं. येतोय, एवढंच."

"खरंच?" ती म्हणाली. मग एकदम तिच्यातली मोठी बहीण जागी झाली. "मी अकरापासूनच फाटकात उभी राहते."

"उभी राहू नको," मी म्हणालो. "आत बस. जेवून घे. मी बेल वाजवतो."