तुम्ही बसा

माझ्या नोकरीचं नाव ‘पॉइंट्समन’. दौंड जंक्शनला इंजिन डब्यांना जोडायचं, सोडवायचं, झेंडा दाखवायचा, असं हे काम. बाईसाठी वेगळं नाव नाही, त्यामुळं माझ्या ओळखपत्रावरही तेच छापलंय. लग्नानंतर परीक्षा दिली, पास झाले आणि शिरूर-दौंडच्या हद्दीवरच्या आमच्या गावातून स्कूटीवर ड्यूटीला जायला लागले.

सुरुवातीचे काही आठवडे मी नुसतं बसून काढले. आमच्यातले सगळ्यात जुने एक चाचा होते. दौंडचेच, वडील आणि आजोबाही रेल्वेतले. गाडी आली की मी हातमोजे चढवायची आणि चाचा म्हणायचे, "ताई, तुम्ही बसा. आम्ही करतो." आवाजात टिंगल नसायची, घरच्या लेकीला म्हणावं तसं म्हणायचे. म्हणूनच उलटून बोलता येईना. बाकीचे घामाघूम होऊन परतायचे आणि मी पंख्याखाली बसलेली.

एक दिवस मी विचारलंच, "चाचा, तुमच्या मुलीला ही नोकरी लागली असती तर तिला बसवलं असतं का शिकवलं असतं?"

"शिकवलं असतं," ते म्हणाले, "आणि घरी जाऊन काळजी करत बसलो असतो."

मग उठले आणि मला रुळावर घेऊन गेले. इंजिन पुरतं थांबल्याशिवाय त्याच्या आणि डब्याच्या मधे शिरायचं नाही, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की अजून कानात आहे. इंजिन डब्याला जोडणाऱ्या कडीचं, कपलिंगचं, लोखंड पहिल्यांदा उचललं तेव्हा खांदा भरून आला. दोनदा हुकलं, मग बसलं. चाचांनी शाबासकी दिली नाही. पुढची गाडी आली तेव्हा फक्त "चला" म्हणाले.

त्याच सुमारास आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नवरा शिक्रापूरला कंपनीत. तिथंच खोली घेऊन राहतो, सुट्टीला घरी येतो. घरात आम्ही तिघंच: मी, आत्याबाई आणि मामा, म्हणजे सासरे. सकाळच्या ड्यूटीआधी भाकरी, कालवण, आत्याबाईंची वेणी उरकून मी धावत सुटायची. एकदा वाटेत डोळा लागला आणि स्कूटी कडेच्या उसात गेली. लागलं काही नाही, पण चिखलानं भरलेला गणवेश मामांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी उठले तर चुलीपुढं मामा. परातीत पीठ मळलेलं, तव्याखाली जाळ घातलेला.

"मामा, तुम्ही बसा. मी करते," मी म्हणाले. आणि माझं बोलणं माझ्याच कानाला लागलं. शब्द चाचांचे होते, मायाही तीच.

"बसलोय की," मामा म्हणाले. "चुलीम्होरं उभं ऱ्हाऊन कुणी भाकर थापतं व्हय?"

भाकर जराशी जाड होती, पण कडेपर्यंत सारखी, आणि टम्म फुगली. कुठं शिकलात, असं मी विचारलं. आम्ही धनगर. मामांच्या तरुणपणी आमची माणसं मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायची.

"व्यालेली मेंढी मागं ऱ्हायची, तिच्यासंगं म्या. तितं कोण वाढणार?"

खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या, "आन् म्या? घोड्यावर समदा संसार लादायचे. दोर आवळून आवळून हाताला घट्टे पडायचे. मुक्कामाला आमी बायाच आधी पोचायचो."

"मंग जमीन पिकाय लागली, घर बांधलं," मामा म्हणाले. "हिनं घोडं सोडलं, म्या तवा सोडला."

"कुणी सांगितलं होतं सोडायला?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "कुणीच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "समदी तसंच करत हुती."

असं म्हणाल्या, तरी मामांनी चुलीपुढं बसणं त्यांना रुचलं नव्हतं. बाहेर सांगू नको, अशी मला ताकीद होती. पण गावात काय लपतं? दूध घालायला मामा डेअरीवर गेले की माणसं विचारायची, "आप्पा, सून ड्यूटीला आन् तुम्ही चुलीला?" मामा म्हणायचे, "या की जेवाया." कोणी आलं नाही, पण हळूहळू विचारणंही कमी झालं.

रविवारी नवरा आला. बापाला चुलीपुढं बघून त्याचा चेहरा उतरला. "आप्पा, उठा तितनं. लोक मला फोन करून इचारत्यात."

मामांनी भाकर उलटली. "तू खोलीवर काय खातोस?"

तो घुटमळला. "चौघं हाय आमी. पाळी लावलीय."

"तुझी पाळी कवा असती?"

"मंगळवारी आन् शुक्रवारी."

"मंग काय करतोस?"

"चपात्या. डाळ. बिहारचा एक पार्टनर हाय, त्यानं शिकवलं."

मी बघतच राहिले. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि ह्या माणसाला पोळपाट कुठं असतो हे ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आत्याबाईंना हसू फुटलं; प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं सावरत त्या हसत राहिल्या.

"तितं कुणी बघत न्हाई," नवरा खाली मान घालून म्हणाला.

"हितं तरी कोण बघतंय? आमीच," मामा म्हणाले.

संध्याकाळी त्यानं कणीक मळली. पहिल्यांदा सैल झाली, पीठ वाढवता वाढवता सगळी परात भरली. त्या रात्रीच्या चपात्या सोमवारीही पुरल्या.

सगळंच बदललं असं नाही. भावकीतल्या लग्नात अजून मांडवात पुरुषांची पंगत आधी बसते आणि बाया मागं पुऱ्या लाटतात. सुट्टीला आलेला नवरा कधी अंथरुणातूनच चहा मागतो, मग मीही अंथरुणातूनच "करा की" म्हणते. कधी तो उठतो, कधी मी.

आत्याबाईंच्या हाताचं प्लास्टर निघालं तेव्हा मला वाटलं, त्या पुन्हा चूल धरतील. एक-दोनदा त्या जाऊन बसल्याही. मग एका सकाळी म्हणाल्या, "पोरी, ह्यांच्या भाकरी बऱ्या हायत्या. मला दोन मेंढ्या घ्यायच्यात."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? मला आवडत्यात."

घरात त्यांना काय आवडतं हे आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या भावानं दोन मेंढ्या आणून दिल्या. आता ऊन जरा वर आलं की त्या काठी घेऊन कालव्याच्या कडेनं निघतात. मामा फडक्यात भाकर बांधून देतात. कालवण आळणी झालं तर संध्याकाळी मामांना आत्याबाईंची बोलणी खावी लागतात.