आबांचं मोजून पाणी

लघवी हा शब्द आमच्या घरात कधी कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. जळगावच्या किडनी वॉर्डात मात्र दिवसाची सुरुवातच त्याने! "आज किती?" असं परकी माणसंही विचारत. एकदा ही लाज गेली, की किस्से साचायला वेळ लागत नाही.

माझे वडील, आबा, चोपड्याचे केळीवाले शेतकरी. किडन्या थकलेल्या. लघवी मापाच्या भांड्यात करायची आणि ती जेवढी होईल त्या अंदाजाने पाणी मिळायचं, तेही मापाच्या पेल्याने मोजून. ही शिस्त वंदना सिस्टरची. पहिल्याच दिवशी आबा म्हणाले, "सिस्टर, माझी केळी ठिबकवरसुद्धा याच्यापेक्षा जास्त पिते हो!"

माझ्या बायकोने एकदा ते भांडं मोजायच्या आधीच घासून लखलखीत केलं. सासऱ्यांचं भांडं चारचौघांत तसंच कसं ठेवायचं? सिस्टरने ते उजेडात धरलं. "वहिनी, स्वच्छता छान. आता डॉक्टरांना काय दाखवू, चमक?"

मग आबांना सारखी चूळ भरायची हुक्की आली. पाणी तोंडात जाई, बाहेर काहीच येत नसे! सिस्टर भांडं घेऊन समोर उभी राहिली. "थुंका आबा."

आबांनी घोट गिळला आणि निरागसपणे विचारलं, "काय?"

एका सकाळी मात्र भांडं निम्म्याच्या वर! मी पेढे आणायला निघालो. सिस्टरने आबांना वजनकाट्यावर उभं केलं, मग त्यांच्या पायावर अंगठा दाबला. पडलेला खड्डा भरेना.

"वजन वाढलंय, सूजही आहे. मग एवढी लघवी आबांची कशी?"

शेजारच्या पेशंटची बायको, शिंदखेड्याच्या अक्का, पुढे आल्या. "तुमनं कमी व्हतं भाऊ, आमनं भरपूर शे. थोडं तुमनामा टाकं!"

नवऱ्याची थोडी लघवी त्यांनी आबांच्या भांड्यात ओतली होती, जणू विरजणच दिलं! सिस्टर रागवायला गेली आणि हसत सुटली.

पेढे राहिले, पण डायलिसिस वेळेवर सुरू झालं. त्या अंगठ्याच्या कृपेने आबांनी केळीचा आणखी एक हंगाम बांधावर उभं राहून पाहिला. मग गेले.

तेराव्याला सिस्टर एसटीने चोपड्याला आली. आबांच्या फोटोपुढे बायकोने सवयीने त्यांचाच मापाचा पेला ठेवला होता, तळाशी घोटभर पाणी.

सिस्टरने तो उचलला. आत गेली, काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली आणि फोटोपुढे ठेवला.

"प्या आबा. आज मोजत नाही."