ब्ल्यूबेरीवरचं पांढरं

बडोद्यात ब्ल्यूबेरीच्या नव्या जाती तयार करते असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग उन्हाकडे. त्यांचंही चूक नाही. फळ थंड मुलखातलं. पण कमी थंडीत फळणाऱ्या जाती आता मिळतात. त्यांचा आपसांत संकर करायचा आणि जाळीच्या छपराखाली, नारळाच्या भुशानं भरलेल्या कुंडीत, आमच्या हवेत कोण तग धरतंय ते बघायचं, हे माझं काम. कळी उमलायच्या आत चिमट्यानं पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग अंगठ्याच्या नखावर झटकून घ्यायचे आणि त्या फुलाला टेकवायचे. मग बी, मग रोप, आणि दोन-तीन वर्षांनी पहिली फळं. त्यातली बहुतेक रोपं आम्ही उपटून टाकतो. आई याला सरळ कसाईपणा म्हणते.

ताजं विकायचं फळ नुसतं गोड असून भागत नाही. ते डब्यात, गाडीत, दुकानात टिकावं लागतं. म्हणून निवडलेल्या प्रत्येक झाडाची फळं तीन आठवडे थंडीत ठेवतो आणि मग किती कडक राहिली ते मोजतो. ज्या झाडाची ही मोजणी नसेल, त्याची कुंडी हंगाम संपताना रिकामी करायची. मागे नवी रोपं रांग लावून उभीच असतात.

शेवटच्या रांगेत पंख्याजवळ माझं एक झाड होतं. पहिली दोन वर्षं त्यानं फिकट पानांपलीकडे काही दाखवलं नाही, आणि साहेबांची मनधरणी करून मी ते वाचवलं होतं. बाबा त्याला ‘तुझं कार्टं’ म्हणत. जेवताना पहिला प्रश्न तोच, "कार्टं काय म्हणतंय?" यंदा कार्ट्यानं फळं धरली. टपोरी, दातांखाली कुरकुरणारी, आणि अंगभर पांढरी. द्राक्षांवर असते तशी ती पावडर दिसते, पण असते मेण, फळानं स्वतःच पांघरलेलं. ते आहे तोवर आतलं पाणी आत राहतं. तोडताना आम्हीसुद्धा ते पुसलं जाऊ नये म्हणून जपून बोटं लावतो. कार्ट्याचं इतकं कौतुक मी घरी सांगितलं होतं, पण या पांढऱ्याबद्दल बोलणं कधी झालंच नव्हतं.

आणि बाबांचं पांढऱ्या पावडरीशी जुनं वैर. तरुणपणी ते साताऱ्याकडून इथे आले आणि सगळी नोकरी नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात केली. लहानपणी संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली की मी धावत सुटायचे आणि बाबा पावडरीनं माखलेले दोन्ही हात वर करून मागे सरकायचे. "थांब. आधी हात, मग तू." मग कोपरापर्यंत साबण, मग आंघोळ, आणि मग मी. कारखान्याचे कपडे वेगळ्या बादलीत, तेही स्वतः धुवायचे; आईला हात लावू द्यायचे नाहीत. मी बाथरूमच्या दाराबाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहायचे. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं कुठलंही फळ आधी मिठाच्या कोमट पाण्यात जातं. केळी धुणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तोडणीच्या ऐन दिवसांत आमच्या कामावरची शीतखोली बंद पडली. सुटा भाग अमदावादहून यायचा होता. तोवर डबे आम्ही वाटून घेतले आणि आपापल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. कार्ट्याचा डबा अर्थातच माझ्याकडे. आईला बजावून ठेवलं, हात लावायचा नाही. बाबांना वेगळं सांगावं असं काही वाटलं नाही, कारण फ्रिज हा आईचा प्रांत.

पाचसहा दिवसांनी घरी आले तर बाबा दारातच उभे, चेहरा असा की मला काही बक्षीस मिळालंय. "अगं, केवढी पावडर होती त्याच्यावर! तू ते खातेस, चाखतेस. बघ, एकेक साफ केलं." टेबलावर डबा उघडा होता. सगळी फळं कोमट पाण्यात धुतलेली, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसलेली, काळी कुळकुळीत आणि चमकणारी. आई बाहेर गेलेली, आणि सगळी दुपार त्यांनी त्यात घातली होती.

मला राग आला की मी आवाज चढवत नाही, समजावून सांगते, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं असं आई म्हणते. मी बाबांना समजावून सांगितलं. मेण म्हणजे काय, मोजणी म्हणजे काय, आणि आता त्या झाडाचं काय होणार. ते ऐकत होते. हातातला साडीचा तुकडा त्यांनी नीट घडी करून ओट्यावर ठेवला.

चार दिवसांत फळं सुरकुतली, मग बुरशी धरली. साहेबांनी खांदे उडवले. "डेटा वगर केम राखीए, बेन?" मोजणीशिवाय झाड कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. पण खालच्या फांद्यांवर थोडी हिरवी फळं अजून शिल्लक होती. ती उन्हाळा कडक व्हायच्या आत पिकली तर एक छोटा डबा निघाला असता. "आ छेल्लो डबो," साहेब म्हणाले, म्हणजे हा शेवटचा, यानंतर संधी नाही.

घरी बाबा फ्रिजच्या वाटेला जात नव्हते. पाणी माठातलं प्यायचे, दही हवं तर आईकडे मागायचे. जेवताना कार्ट्याची चौकशी बंद झाली होती. एकदाच, ताटावरून मान न उचलता, त्यांनी विचारलं, "काढलं का ते?" मी ‘नाही’ म्हटलं. काढलं असतं तर मी त्यांना कसं सांगितलं असतं, देव जाणे.

फळं पिकली. शीतखोली अजून बंदच होती. एक सहकारी म्हणाली, तुमच्याकडे नको, माझ्या फ्रिजमध्ये ठेव. तिचं बरोबर होतं. मी डबा घरी आणला आणि बाबांच्या हातात दिला. "हा शेवटचा. तुम्ही सांभाळायचा."

त्यांनी डबा आत ठेवला, कपाटातून कारखान्यातली लाल पाटी शोधून काढली आणि फ्रिजच्या मुठीला बांधली. ‘काम चालू आहे, हात लावू नका.’ दुरुस्तीच्या वेळी वाल्व्हला लावतात ती. त्या दिवसापासून आमच्या घरात फ्रिज उघडणं बंद. दूध, दही, भिजवलेली डाळ, सगळं वरच्या मजल्यावरच्या बेनकडे. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मूकी जाओ ने, जग्या छे," जागा आहे, खुशाल ठेवून जा. पण दिवसातून चारदा वाटीभर दह्यासाठी जिना चढउतार करून आई वैतागली. "ह्या माणसानं मला माझ्याच फ्रिजमधून बाहेर काढलं," असं ती येईल त्याला सांगत होती. एका दुपारी लाइट गेली. मी आले तर फ्रिजला दोन गोधड्या गुंडाळलेल्या, आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसलेले. गोधड्यांच्या गाठी मात्र आईच्या हातच्या होत्या, मी ओळखल्या.

तीन आठवड्यांची मुदत संपली त्या संध्याकाळी मी मोजणीचं छोटं यंत्र घेऊन घरी आले. मकरपुऱ्याच्या बाजूला रस्ता तुंबला होता, उशीर झाला होता, हातपाय मातीनं भरलेले. तरी कुणाला धीर नव्हता. बाबांनीच पाटी सोडली. मी झाकण उघडलं. पांढरं जसंच्या तसं होतं. दोन फळं मऊ निघाली, बाकी सगळी टणक, देठाची जागा कोरडी. मी आकडे साहेबांना फोनवर वाचून दाखवले. पलीकडून एवढंच, "राखो." झाड राहिलं. आई लगेच म्हणाली, "आता माझं दूध घरी आणा."

एक फळ मी बाबांसाठी वेगळं ठेवलं होतं. वळले तर ते नळाशी. जन्माची सवय, कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊन झाले होते. नॅपकिन शेजारीच होता, पण त्यांनी तो घेतला नाही. ओले हात त्यांनी वर धरले, अगदी त्या बसथांब्यावर धरायचे तसे, आणि माझ्याजवळ आले.

"माझे हात ओले आहेत, मेण जाईल," ते म्हणाले. "तूच भरव."

आणि त्यांनी तोंड उघडलं. मी भरवलं. मी अजून हात धुतले नव्हते. त्यांनी विचारलंही नाही.